ग्राफीन ऑक्साइड घालून तापाला टिकणारं चिकट रेझिन: पहिला घाणा कसा काढायचा

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडवर महिन्यातून एकदा तरी कुणीतरी येतं आणि तोच प्रश्न विचारतं, "साहेब, ते ग्राफीन घातलं की जोड कितीही तापला तरी सुटत नाही म्हणे?" कधी डिप्लोमाचा प्रोजेक्ट करणारी पोरं असतात, कधी मोटार रिवाइंडिंगवाले मामा, कधी मिरजेकडचे एखादे फाउंड्रीवाले. या फाउंड्रीवाल्यांना तर भट्टीच्या दारावरचा पत्राच चिकटवायचा होता. त्यांना चहा पाजला आणि सांगितलं की वितळलेलं बीड चौदाशे अंशांच्या आसपास ओततात, तिथे कुठलंच सेंद्रिय रेझिन उभं राहत नाही. तिथे रिफ्रॅक्टरी सिमेंटच लागतं.

बाकीच्यांसाठी हा लेख. इपॉक्सी रेझिनमध्ये ग्राफीन ऑक्साइड मिसळून धातूचे दोन पत्रे जोडायचे आणि तो जोड १२० ते १८० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात काम देतो का हे स्वतः तपासायचं, एवढीच मजल. जिओ (ग्राफीन ऑक्साइडचंच इंग्रजी लघुरूप), एफजीओ (त्यावर आणखी रासायनिक गट बसवलेला प्रकार) असली नावं ऐकून बिचकू नका. वजनकाटा नीट वापरता येत असेल आणि घाई करायची सवय नसेल, तर हे काम जमतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू

ग्राफीन ऑक्साइड स्वतः उष्णतेला फार टिकत नाही. ऐकून धक्का बसतो, पण खरं आहे. ग्राफाइटच्या थरांना ऑक्सिजनचे गट चिकटवले की ग्राफीन ऑक्साइड होतं. थराच्या अंगावर इपॉक्साइड आणि हायड्रॉक्सिल, कडेला कार्बोक्सिल. हे गट साधारण १५० अंशांपासून पुढे सुटायला लागतात, पाणी, कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि २५० पर्यंत बराचसा माल काळा पडून 'रिड्यूस' झालेला, म्हणजे ऑक्सिजन गमावलेला असतो. कोरड्या पुडीचा ढीग एकदम तापवला तर तो फस्सकन उडतोसुद्धा. म्हणून ती पुडी ओव्हनमध्ये वाळवायला ठेवायची नाही, हा पहिला नियम.

मग तो घालायचा कशाला? त्याच ऑक्सिजनच्या गटांमुळे हा थर रेझिनला आणि हार्डनरला, म्हणजे रेझिन कडक करणाऱ्या रसायनाला, धरून बसतो. साधं ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटचा एकच सुटा थर, रेझिनमध्ये परक्यासारखं गोळा होतं, ऑक्साइड मात्र मिसळतं. नीट पसरलेले थर तड्याच्या वाटेत आडवे येतात. तड्याला वळसा घालून जावं लागतं, म्हणून जोड चिवट होतो. काही वेळा रेझिनच्या रेणूंच्या साखळ्यांची हालचालही थोडी बांधली जाते आणि रेझिन मऊ पडायचं तापमान काही अंशांनी वर सरकतं. 'काही अंशांनी' हे शब्द लक्षात ठेवा. कधी ते अजिबात सरकत नाही, आणि मिसळण्यात चूक झाली तर खालीही येतं.

तापाला टिकण्याचं मूळ काम रेझिन, हार्डनर आणि क्युअरिंग (रेझिन भाजून पक्कं करणं) हे तिघं करतात. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? खोलीच्या तापमानाला सुकणाऱ्या स्वस्त इपॉक्सीत कितीही ग्राफीन ऑक्साइड ओतलं तरी तो १८० अंशांचा जोड होत नाही. ग्राफीन ऑक्साइड ही फोडणी आहे. डाळच शिजली नसेल तर नुसत्या फोडणीचं काय करणार?

तापमान ठरवल्याशिवाय बाटली उघडू नका

"लई तापतंय" हे माप होत नाही. किती अंश, किती तास, आणि त्या वेळी जोडावर ओढ किती, ही तीन उत्तरं कागदावर लिहा. मोटारीचं काम असेल तर सोपं आहे, कारण इन्सुलेशनचा वर्ग पाटीवरच लिहिलेला असतो: बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. कृष्णाकाठच्या शेतीपंपांच्या मोटारी आमच्याकडे येतात तेव्हा मी आधी ही पाटी वाचतो. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, तेव्हापासून या पट्ट्यात पंप आणि मोटार हे घरचंच काम आहे. त्यामुळे उदाहरणंही तिथलीच येणार.

दोन तापमानांत गल्लत करू नका. एक, ज्याला आम्ही टीजी म्हणतो: इथे कडक रेझिन रबरासारखं मऊ पडतं. दुसरं, जिथे रेझिन जळून तुटायला लागतं. साध्या इपॉक्सीचं वजन घटायला साडेतीनशे अंशांच्या आसपास सुरुवात होते, आणि पुष्कळ जाहिराती हाच आकडा मिरवतात. पण जोड सुटतो तो टीजीला. तिथे कडकपणा दोन शून्यांनी खाली येतो. तेव्हा विक्रेत्याला टीजी विचारा.

ढोबळ हिशेब असा. ट्रायइथिलीन टेट्रामाइन, म्हणजे टेटा, हे पातळ हार्डनर खोलीत सुकतं. नुसतं तसंच ठेवलं तर टीजी ५०-६० च्या आसपास अडकतो. वरून १०० ते १२० अंशांवर भाजलं तर १२० पर्यंत जातो. डायअमिनो डायफिनाइल सल्फोन, म्हणजे डीडीएस, ही पांढरी पूड आहे. तिचं क्युअरिंग १८० ते २०० अंशांवर करावं लागतं, पण टीजी दोनशेच्या घरात मिळतो. डीडीएसचं दुसरं नाव सांगितलं की आमच्याकडे येणारे चमकतात: डॅप्सोन. कुष्ठरोगावर गोळ्या देतात तीच ही. रेणू तोच, पण आपली पूड औषधाच्या दर्जाची नसते आणि आपण ती तापवून हाताळतो, त्यामुळे मास्क लावायचाच.

२०० च्या वर कायम काम हवं असेल तर इपॉक्सीचा नाद सोडा. बिसमॅलिमाइड, पॉलिइमाइड अशी मंडळी आहेत, पण ती नवख्याच्या हातात द्यायची नाहीत.

ग्राफीन ऑक्साइड विकत घ्या

घरी बनवू का, असं पोरं विचारतात. इंटरनेटवर 'हमर्स पद्धत' सापडलेली असते. हमर्स आणि ऑफमन यांनी ती १९५८ साली मांडली: दाट सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट, पोटॅशियम परमँगनेट. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८५९ मध्ये, ब्रॉडी यांनी क्लोरेट आणि धूर सोडणारं नायट्रिक आम्ल वापरून हेच केलं होतं. २०१० मध्ये नायट्रेट वगळून फॉस्फरिक आम्ल घालणारी सुधारित पद्धत आली. तरी परमँगनेट आणि दाट आम्ल एकत्र आलं की मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं, आणि ते ५५ अंशांच्या वर गेलं की स्फोट होऊ शकतो. धुराडं, बर्फाचं भांडं आणि शेजारी जाणता माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका. आणि धुतलेलं आम्लाचं पाणी कुठे सोडणार? गटारातून ते शेवटी कृष्णेतच जातं.

तयार माल घेताना कोरडी पूड घेऊ नका. पाण्यात पसरलेला माल घ्या. दर मिलिलिटरला ४ मिलिग्रॅम ही मात्रा सहज मिळते. एकदा पूर्ण वाळलेले थर एकमेकांवर बसले की पुन्हा सुटत नाहीत. ओले पापड एकावर एक रचून वाळवले तर काय होतं, तसं.

आम्ही हे पैसे घालवूनच शिकलो. एका विक्रेत्याकडून पहिल्यांदा काळी पूड आणली. पाण्यात टाकली तर दहा मिनिटांत तळाशी, वर स्वच्छ पाणी. खरं ग्राफीन ऑक्साइड पाण्यात तपकिरी-पिवळसर दिसतं, कोऱ्या चहासारखं, आणि दिवसचे दिवस तसंच राहतं. काळं होऊन खाली बसलं तर ते रिड्यूस झालेलं आहे किंवा नुसतं बारीक ग्राफाइट आहे. पैसे द्यायच्या आधी ही ग्लासातली परीक्षा करा. पक्की खात्री हवी असेल तर एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्या. ग्राफाइटचं शिखर २६.५ अंशांच्या कोनापाशी येतं, ऑक्साइडचं १० ते ११ च्या दरम्यान, कारण थरांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटरवरून ०.८ च्या पुढे गेलेलं असतं. आपल्याकडची मंडळी यासाठी नमुने कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पाठवतात.

बाटली फ्रिजमध्ये, अंधारात ठेवा, पण फ्रीजरमध्ये नको. गोठलं तरी थर गोळा होतात.

पहिल्या घाण्याचं गणित

५० ग्रॅम रेझिन धरू. बाजारात सगळीकडे मिळणाऱ्या पातळ इपॉक्सीचा, म्हणजे बिसफेनॉल-ए वाल्याचा, इपॉक्सी तुल्यभार (एक मोल इपॉक्सी गटांमागे किती ग्रॅम रेझिन, तो आकडा) १९० च्या आसपास असतो. डब्यासोबतच्या कागदावर नेमका आकडा असतो, तो वापरा.

ग्राफीन ऑक्साइड शंभर भाग रेझिनला ०.२ भाग. म्हणजे ५० ग्रॅमला ०.१ ग्रॅम. ४ मिलिग्रॅमवाल्या बाटलीतून हे २५ मिली होतात. बस्स एवढंच. नवख्याला वाटतं थोडं जास्त घालू, १ टक्का, २ टक्के. अर्ध्या टक्क्याच्या पुढे गेलात की रेझिन श्रीखंडासारखं घट्ट होतं, हवा निघत नाही, गुठळ्या राहतात आणि प्रत्येक गुठळी जोडातला कच्चा दुवा ठरते. पहिले तीन घाणे ०.१, ०.२ आणि ०.५ असे काढा, आणि एक बिनफोडणीचा. तो कोरा घाणा सगळ्यात महत्त्वाचा. त्याच्याशिवाय तुमच्या हातात फक्त मत असतं.

हार्डनरचं सूत्र: हार्डनरचा सक्रिय हायड्रोजन तुल्यभार भागिले इपॉक्सी तुल्यभार, गुणिले रेझिनचं वजन. डीडीएसचा रेणुभार २४८, सक्रिय (म्हणजे इपॉक्सीशी जुळणारे) हायड्रोजन चार, म्हणून तुल्यभार ६२. ६२ भागिले १९० गुणिले ५० म्हणजे १६.३ ग्रॅम. टेटाचा रेणुभार १४६, हायड्रोजन सहा, तुल्यभार २४.४, म्हणजे ६.४ ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर हे मोजू नका. निदान ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा हवा.

माझा सल्ला असा, की पहिला घाणा टेटानेच काढा. टिकाऊपणासाठी नव्हे, हात बसण्यासाठी. मिसळणं जमलं की डीडीएसकडे वळा.

गुठळ्या मोडणं, म्हणजे सगळं काम

पिठलं करताना बेसन थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर काय होतं ते घरोघरी माहीत आहे. आधी गार पाण्यात फेटून घेतात. इथेही तेच. आपलं गार पाणी म्हणजे अॅसिटोन.

२५ मिली बाटलीतला माल दोन सेंट्रिफ्यूज नळ्यांत समान वाटा, वजन जुळवा, वरून अॅसिटोन भरा, हलवा, सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवा. वरचं द्रव काढून टाका, पुन्हा अॅसिटोन, पुन्हा फिरवा. असं तीन-चार वेळा. पाणी निघून जातं आणि तळाशी ओला तपकिरी लगदा उरतो. हा लगदा वाळू द्यायचा नाही. फोन आला, बाहेर गेलो, तासाने आलो तर नळीच्या कडेला काळी खपली धरलेली असते. ती खपली रेझिनमध्ये गेली की गेला घाणा. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये थर जास्त चांगले पसरतात, पण ते १५३ अंशांना उकळतं, रेझिनमधून काढता काढता नाकी नऊ येतात, आणि तब्येतीला वाईट. अॅसिटोन ५६ ला उडतं.

लगद्यात ५० मिली ताजं अॅसिटोन घाला आणि प्रोब सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थर सोडवणारी दांडी) लावा. बीकर बर्फाच्या भांड्यात ठेवा. पाच सेकंद चालू, पाच सेकंद बंद, असं अर्धा तास. चष्मेवाल्याकडचं अल्ट्रासॉनिक भांडं असेल तर चालतं, पण त्याचा जोर कमी, दोन-तीन तास लागतात आणि मधूनमधून पाणी बदलावं लागतं. जास्त वेळ म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. प्रोबखाली फार ठेवलं तर थरांचेच तुकडे होतात.

आता रेझिन ६० अंशांपर्यंत कोमट करा, म्हणजे ते मधासारखं वाहतं. त्यात हे द्रव ओता, ढवळा आणि पुन्हा अर्धा तास सोनिकेटर.

इथे थांबून काचपट्टीवर एक थेंब घ्या. वर दुसरी काच दाबा आणि उजेडाकडे धरा. सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग दिसायला हवा, काचेवर चहा सांडल्यासारखा. काळे ठिपके दिसले तर पुढे जाऊ नका. आमच्या पहिल्या घाण्यात, त्या कोरड्या पुडीच्या, काच काळ्या तिळासारखी दिसत होती. शेडवरच्या दादांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "सर, ह्या गुठळ्या आता न्हाय मोडायच्या. पिठलं बिघडलं." मी तरीही हट्टाने हार्डनर घालून जोड बनवले. कोऱ्या रेझिनपेक्षा कमी ताकदीला सुटले. तेव्हापासून काचपट्टीचा निकाल आमच्याकडे शेवटचा.

ओळखीत रंगाचा किंवा छपाईच्या शाईचा कारखाना असेल तर त्यांच्याकडची तीन रुळांची मिल बघा. फट कमी करत पाच-दहा मायक्रॉनपर्यंत आणून तीन-चार फेऱ्या दिल्या की गुठळ्या चिरडल्या जातात. पण मिल आधीच्या रंगापासून पूर्ण धुतलेली हवी.

आता अॅसिटोन घालवायचं. नवखे इथेच सगळ्यात जास्त फसतात. वास गेला म्हणजे अॅसिटोन गेलं असं नसतं. उरलेलं अॅसिटोन टीजी खाली ओढतं आणि क्युअर करताना बुडबुडे करतं. काटा सांगेल तेच खरं. सुरुवातीला रिकाम्या बीकरचं वजन लिहून ठेवा, त्यात ५० ग्रॅम रेझिन आणि ०.१ ग्रॅम ऑक्साइड मिळवा. हा आकडा येईपर्यंत ७० अंशांवर उघडं ढवळत राहायचं, मग व्हॅक्युम ओव्हनमध्ये ८० अंशांना रात्रभर. शेवटचं अर्धं ग्रॅम निघायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

अॅसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून खाली उतरून जमिनीवर पसरते, आणि ते उणे २० अंशांलाही पेट घेऊ शकतं. उघड्या कॉइलची शेगडी, साधा ओव्हन, शेजारी चालू ग्राइंडर, यातलं काहीही नको. बंद हॉटप्लेट, धुराडं किंवा निदान दारं-खिडक्या सताड उघड्या. काढलेलं अॅसिटोन झाकणाच्या डब्यात साठवा, मोरीत ओतू नका. नायट्राइलचे हातमोजे रेझिनला चालतात, पण अॅसिटोन त्यातून काही मिनिटांत आत येतं, म्हणून अॅसिटोनच्या कामाला ब्युटाइल रबरचे घ्या. मी पहिलं वर्षभर नुसत्या हातांनी काम केलं. आता हार्डनरचा डबा उघडला तरी मनगट खाजतं. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा लागली की आयुष्यभराची सोबत.

हार्डनर

टेटा असेल तर मिश्रण खोलीच्या तापमानाला आणून मग घाला, पाच मिनिटं सावकाश ढवळा, दहा मिनिटं व्हॅक्युम द्या आणि लगेच लावा. सांगलीचा मे महिना विसरू नका. दर दहा अंशांना अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. पंचवीस अंशांना अर्धा तास चालणारं मिश्रण चाळीसला दहा-बारा मिनिटांत आटोपतं. एकदा दुपारी दोन वाजता मी दोनशे ग्रॅम एकाच प्लॅस्टिकच्या मगात कालवलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर मगाचं बूड वितळून टेबलाला चिकटलेलं, वरून पिवळा धूर. थोडं थोडं कालवा, पसरट भांड्यात कालवा, आणि उन्हाळ्यात सकाळी सातला कालवा.

डीडीएसची गोष्ट वेगळी. ती पूड १७५ अंशांच्या पुढे वितळते, पण गरम रेझिनमध्ये १२० ते १३० ला विरघळते. थोडी थोडी टाका, पंधरा-वीस मिनिटं ढवळा. कोऱ्या रेझिनमध्ये ते पारदर्शक झालं की कळतं. आपलं मिश्रण तपकिरी-काळं, त्यामुळे वरून काहीच दिसत नाही. पुन्हा काचपट्टी. पांढरे कण असतील तर अजून पाच मिनिटं. न विरघळलेला कण म्हणजे एका जागी हार्डनर जास्त, दुसऱ्या जागी कमी. मग याच तापमानाला दहा मिनिटं व्हॅक्युम. पृष्ठभागावर फेस येऊन बसला की झालं.

पत्रे: पाण्याने परीक्षा

अॅल्युमिनियमचे १.६ मिलिमीटर जाडीचे, २५.४ मिलिमीटर रुंदीचे, सुमारे १०० मिलिमीटर लांबीचे पट्टे कापून घ्या. टोकं १२.७ मिलिमीटर एकमेकांवर येतील अशी खूण करा. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी १००२ या प्रमाणाचं माप हेच.

आधी अॅसिटोनने तेल पुसा, मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग पुन्हा पुसा. हा क्रम उलटा केला तर तेल घासून आत मुरतं. शेवटी पट्टी पाण्याखाली धरून उभी करा. पाणी पूर्ण अंगावर पातळ पदरासारखं राहिलं तर स्वच्छ. थेंब थेंब होऊन तुटलं, अळवाच्या पानावर होतं तसं, तर अजून तेलकटपणा आहे. पुन्हा घासा. पास झालेली पट्टी सुकवून, तासाभरात जोडायची. बोट लावलं तर पुन्हा पहिल्यापासून. शेडमध्ये कुणी सिलिकॉन स्प्रे वापरत असेल तर त्याला त्या दिवशी हात जोडून बाहेर पाठवा.

रेझिनच्या थराची जाडी सगळ्या जोडांत सारखी हवी. आम्ही रिवाइंडिंगच्या दुकानातून ३८ गेजची तार आणतो. ती सुमारे ०.१५ मिलिमीटर असते. वरचं इनॅमल खरवडून दोन छोटे तुकडे जोडात आडवे ठेवले की पत्रे तेवढ्या अंतरावर थांबतात. वरून लोखंडी बाइंडर क्लिप. बाहेर आलेलं रेझिन क्लिपला चिकटू नये म्हणून नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. ग्रीस नको.

भाजणं

टेटाचा घाणा: खोलीत चोवीस तास, मग १०० अंशांवर दोन तास. डीडीएसचा: १५० वर एक तास, १८० वर दोन, २०० वर दोन. एका पायरीवरून दुसरीवर जाताना दर मिनिटाला दोन-तीन अंशांपेक्षा जास्त वेग नको. ओव्हनच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, एका पट्टीला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधा. आमचा ओव्हन १८० दाखवायचा तेव्हा मागच्या कोपऱ्यात १६५ होतं. सहा महिने आम्हाला वाटत होतं की ग्राफीन ऑक्साइड काम करत नाही.

मध्येच लाईट गेली तर? १५० ची पायरी पुरी झाली असेल तर फारसं बिघडत नाही, आली की पुढची पायरी चालू करा आणि वहीत नोंद करा. त्याआधी गेली तर तो घाणा तुलनेत धरू नका.

झालं की ओव्हन बंद करा, दार उघडू नका, रात्रभर गार होऊ द्या. अॅल्युमिनियम एका अंशाला दर मीटर २३ मायक्रॉन आकसतं, रेझिन ५० ते ६०. घाईने काढलं तर हा फरक जोडाच्या कडेलाच ताण होऊन बसतो.

ओढून बघणं

प्रत्येक मात्रेचे निदान पाच जोड. एका जोडावरून निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्याशी वाद घालू नका. गार असताना एक संच, आणि तुमच्या ठरवलेल्या तापमानाला दुसरा. ओढण्याचं यंत्र अभियांत्रिकी महाविद्यालयांत असतं, सांगलीत वालचंद, साताऱ्याकडची मंडळी कऱ्हाडला जातात. यंत्राला भट्टीचा कप्पा आहे का, हे आधी विचारून मगच पेट्रोल घाला. तापमानावरच्या ओढीसाठी एएसटीएम डी २२९५ हे वेगळं प्रमाण आहे. पट्टी त्या तापमानाला आली की लगेच ओढायची नाही, दहा मिनिटं मुरू द्यायची.

हिशेब: जोडाचं क्षेत्रफळ २५.४ गुणिले १२.७, म्हणजे ३२३ चौरस मिलिमीटर. यंत्राने ६४६० न्यूटन दाखवले तर ताकद २० मेगापास्कल. म्हणजे नखाएवढ्या जोडावर साडेसहाशे किलोच्या वर लोंबकळलं.

यंत्र नसेल तर गरिबाची चाचणी. ओव्हनमध्ये जोड उभा टांगा, खाली दहा किलोचं लोखंडी वजन, ठरवलेलं तापमान, आणि जोडाच्या कडेवर आधीच सुईने मारलेली आडवी रेघ. चार तासांनी गार करून भिंगाखाली बघा. रेघ सरकली असेल तर टीजी तुमच्या तापमानाच्या खाली आहे. आकडा मिळत नाही, पण हो की नाही ते कळतं.

तुटल्यावर आकड्याआधी तुटलेली जागा बघा. दोन्ही पत्र्यांवर तपकिरी थर उरला असेल तर रेझिन स्वतः तुटलं, म्हणजे तुमचा आकडा रेझिनचा आहे. एक पत्रा चकचकीत कोरा आणि सगळा थर दुसऱ्यावर असेल तर रेझिनला बोल लावू नका, पत्रा साफ नव्हता. छोटे गोल खड्डे दिसले तर अॅसिटोन राहिलं होतं.

ऑक्साइडवाला आणि कोरा यांत पाच जोडांचा फरक आपापसातल्या चढउतारापेक्षा कमी असेल तर फरक नाही असंच धरा. आमच्याकडे गार असताना ०.२ वाले जोड ठळक सरस निघाले. १५० अंशांना फरक कमी झाला. ०.५ वाल्यांत तर एक जोड सगळ्यांत वर आणि एक सगळ्यांत खाली, म्हणजे आमचं मिसळणं तिथे कमी पडत होतं.

विद्युत काम असेल तर एक जास्तीची पायरी. भाजताना ऑक्साइड थोडं रिड्यूस होतं, रंग तपकिरीचा काळा होतो, आणि रिड्यूस झालेला थर वीज वाहून नेतो. ०.२ मात्रेला सहसा अडचण येत नाही, पण मोटारीत बसवायच्या आधी मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून बघा. रिवाइंडिंगवाल्या मामांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी जोड हातात घेतल्या घेतल्या मेगरच मागितला.

हार्डनर न घातलेलं उरलेलं मिश्रण घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, अंधारात ठेवता येतं. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, कारण ग्राफीन ऑक्साइडला पाण्याची ओढ फार. बाटलीवर तारीख, मात्रा आणि रेझिनचा लॉट नंबर लिहा. पुढच्या वेळी वापरताना ६० अंशांवर कोमट करून ढवळा, आणि काचपट्टीवर एक थेंब.